दोघींची तहान

“पहिली पाच मिनिटं तिची. नंतरचा सगळा रस्ता तुझा. झोपेतून उठवल्या उठवल्या तिला पळायला लावायचं नाही, कळलं?”

दादांनी हे सांगितलं तेव्हा भाऊजींना जेमतेम मिसरूड फुटलं होतं, आणि गाडीच्या पुढच्या सीटवर ते चोरासारखे अंग चोरून बसले होते. दादांना जाऊनही आता काही वर्षं झाली. तरी किल्ली फिरवली की भाऊजींच्या कानात आधी तो आवाज सुरू होई, इंजिन त्यानंतर.

भाऊजी म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, वहिनींचे दीर. वहिनी हाक मारत म्हणून अख्खी गल्लीच त्यांना भाऊजी म्हणे, अगदी दूधवाल्याची नातसुद्धा. त्यांनी लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणत, “राहून गेलं. घाई कधी पडलीच नाही.” दादा-वहिनींना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दादा गेले तेव्हा घरात उरली दोन पिकली पानं आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पिकली गाडी.

गाडी दादांच्या तरुणपणची. फुगीर बॉनेट, बशीएवढाले दिवे, दुधावरच्या सायीसारखा रंग. तिच्या मागच्या सीटवर माणूस बसलं की बुडतच असे. दादांचा हात मोकळा. माणसांच्या बाबतीत तसा गाडीच्याही. ती मागेल तेवढं पेट्रोल पाजायचं आणि वर कौतुक करायचं, “खाते तशी चालतेही.” वहिनींची मूत्रपिंडं थकली आणि आठवड्यातून तीनदा शहरातल्या केंद्रात जाऊन रक्त धुऊन घ्यायची पाळी आली, तेव्हा दादांनी गाडीच्या मागच्या सीटवर उशा रचल्या आणि नेणं-आणणं सुरू केलं. मध्येच एक दिवस त्यांच्याच छातीत कळ आली. जाता जाता धाकट्या भावाचा हात धरून एवढंच म्हणाले, “तिचा एकही दिवस चुकवू नकोस.” भाऊजींनी मान हलवली. तेव्हापासून दिवस चुकला नव्हता.

बसने जायचा प्रयत्न त्यांनी एकदा करून पाहिला होता. जाताना निभावलं. येताना बस बदलायच्या थांब्यावर वहिनींना उभ्या उभ्या भोवळ आली आणि अनोळखी माणसांनी त्यांना उचलून सावलीत ठेवलं. भाड्याची गाडी आठवड्यातून तीनदा करायची, तर भाऊजींच्या पेन्शनला ते झेपणारं नव्हतं. राहता राहिली शेडमधली ही म्हातारी. आणि तिची तहान काही भागत नव्हती.

भाऊजींची सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली होती, गळती शोधण्यात. लोखंडी कांबीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा. खाली नळ फुटला असेल तर सापासारखा बारीक फुत्कार ऐकू येतो. कोरडा आवाज आला की समजायचं, इथे सगळं ठीक, पुढे चला. असं वर्षानुवर्षं ऐकून ऐकून त्यांचा कान तयार झाला होता आणि स्वभावही. जगात कुठेतरी काहीतरी सतत गळतं आहे, आणि ते थांबवायला देवाने आपल्याला धाडलं आहे, अशी त्यांची जवळजवळ श्रद्धाच होती. घरातला एकही नळ ठिबकत नसे. साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवून त्यांची नवी वडी होई.

“भाऊजी, ह्या साबणाला किती पिढ्यांचा वारसा आहे हो?” वहिनी विचारत.

“हसा. वाया जात नाही ना?”

“वाया कसला जातोय? त्याला मरायचीही परवानगी नाही तुमच्या घरात.”

वहिनी अशाच. जिवाला एवढं दुखणं लागलेलं असून जीभ शाबूत. त्यांचा एक नेम होता. गाडीत बसण्याआधी दाराला हात लावून, डोळे मिटून क्षणभर उभं राहायचं. रोज काय मागता, असं भाऊजींनी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “मागत नाही काही. हजेरी लावते.”

पेट्रोल महाग होत चाललं होतं आणि भाऊजींना दिसत होतं की असंच चाललं तर एक दिवस तीन खेपांच्या दोन कराव्या लागतील. दोन चालतील का, असं त्यांनी डॉक्टरांना आडून आडून विचारलंही होतं. डॉक्टर म्हणाले होते, “आजोबा, आठवड्यातून दोन दिवस श्वास घेतला तर चालेल का?” ते वाक्य भाऊजींच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. म्हणून ते भोंग्या मिस्त्रीकडे गेले.

भोंग्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल. तो कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाई. त्याने बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि ओरडला, “भाऊजी, ही गाडी नाही, पाणपोई आहे पेट्रोलची!”

“हळू बोल. मार्ग सांग.”

“मार्ग आहे की. हा कार्बोरेटर काढून टाकू, नव्या लहान गाडीचा बसवू. हे पॉइंट फेकून देऊ, ठिणगीला इलेक्ट्रॉनिक जोडणी करू. रिंगा नव्या घालू. पाच गिअरचा बॉक्स एक माझ्याकडे पडून आहे. म्हातारीला कवळी बसवून देतो, बघाच!”

भाऊजींनी दादांचं घड्याळ विकलं. वहिनींना सांगितलं की ते दुरुस्तीला टाकलंय. मधल्या दिवसांत भोंग्याने आपल्या मेव्हण्याची गाडी दिली, वहिनींचा दिवस चुकला नाही, आणि एका सकाळी म्हातारी शेडबाहेर आली ती वेगळीच होऊन. पूर्वी घसा खाकरत सुरू होई, आता एका हाकेत उठली. शहराला जाऊन आले तरी पेट्रोलचा काटा पूर्वीसारखा खाली झोपला नाही. भाऊजी परतल्यावर कितीतरी वेळ त्या काट्याकडे बघत बसले होते. वाचलेल्या पेट्रोलचा त्यांच्या मनात एकच अर्थ होता, वहिनींचे आणखी काही दिवस. ते दिवस आता टाकीत आहेत, त्यांना हात लावता येतो, असं त्यांना वाटलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण गळती शोधणारा माणूस एका नळावर थांबत नाही.

सायलेन्सरशी नाक नेलं तर त्यांना पेट्रोलचा वास येई. म्हणजे अजून थोडं न जळताच बाहेर जातंय. सकाळी गाडी नुसती उभी राहून गरम होते, ती पाच मिनिटं तर शुद्ध उधळपट्टी. भाऊजींनी आधी ती बंद केली. किल्ली फिरवली की निघायचं. दादांचा आवाज कानात सुरू होई, त्याला ते मनातल्या मनात म्हणत, दादा, तुमच्या वेळी परवडत होतं.

मग ते पुन्हा भोंग्याकडे गेले. कार्बोरेटरमध्ये पितळेची एक इवलीशी जेट असते. तिच्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. त्यांना आणखी बारीक भोकाची जेट हवी होती.

“नाही मिळणार,” भोंग्या म्हणाला. “आणि मिळाली तरी बसवणार नाही. लहान गाडीचं ताट ह्या धिप्पाड बाईपुढे ठेवलंय, तेच मी कसंबसं जमवलंय. आता त्यातली भाकरीही काढता?”

“थोडीशी, रे.”

“भाऊजी, तुम्ही मेलात ना, तर यमाला सांगाल, रेडा नको, चालत येतो!” असं म्हणून तो स्वतःच खदाखदा हसला, दुसऱ्या गाडीखाली सरकला आणि विसरून गेला. का नको, ते नीट सांगायचं त्याच्याही डोक्यात आलं नाही.

भाऊजींना डाख द्यायचं काम येत होतं. नोकरीत पितळी तोट्या त्यांनी ढीगभर सांधल्या होत्या. एका दुपारी वहिनी झोपल्या असताना त्यांनी जेट काढली, तिचं भोक डाखाने बुजवलं, आणि शिवणाच्या सुईहूनही बारीक सुई तापवून त्यातून नवं भोक पाडलं. हात जराही कापला नाही. उलट त्यांना कितीतरी दिवसांनी आपण कामाचे आहोत असं वाटलं. काही दिवसांनी त्यांनी प्लग काढून पाहिला. तो पांढराशुभ्र निघाला. काजळीचं नाव नाही. किती स्वच्छ, असं म्हणून त्यांनी तो फडक्याने पुसून परत लावला.

शहराच्या रस्त्यावर एक लांब चढ होता. त्या चढाला गाडी आता निराळा आवाज करू लागली. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे टाकून हलवावेत तसा.

“ही हल्ली दात का खाते हो?” मागच्या उशांमधून वहिनींनी विचारलं.

“दात नाही खात, वहिनी. कोरडी चालते. कोरडा आवाज चांगला. म्हणजे एक थेंब कुठे वाया जात नाही.”

“अर्धपोटी ठेवलंत बिचारीला.” वहिनींनी उशी पाठीशी सारली. मग म्हणाल्या, “मला डॉक्टरांच्या हुकमाने दिवसाचं पाणी पेल्याने मोजून देता, तिला पेट्रोल थेंबाने. आम्ही दोघी एक दिवस मिळून तुमची तक्रार करणार आहोत.”

“कुणाकडे?”

“जिथे हजेरी लावते तिथे.”

भाऊजी हसले. आणि चढावर आणखी जोराने पाय दाबला.

केंद्रात वहिनींची खुर्ची खिडकीशी होती. बाहेरच्या बाकावर एक तरुण बाई नेहमी बसलेली असे. तिला ठरलेली खुर्ची नव्हती. कुणी आलं नाही तरच तिचा नंबर लागे, म्हणून ती रोज येई आणि कुणीतरी न येण्याची वाट बघे. एकदा बाहेर पडताना वहिनी तिच्याजवळ थांबल्या. तिचे पाय सुजून चपलेबाहेर आले होते.

“आज लागला का ग नंबर?”

“नाही, आजी. सगळे आले.”

ती हे इतक्या ओशाळून म्हणाली की जणू सगळे येऊ नयेत असं तिने मागितलं होतं आणि ते वहिनींना कळलं होतं. गाडीत बसल्यावर वहिनी मागच्या काचेतून केंद्राच्या दाराकडे बघत राहिल्या.

त्यानंतरच्या एका खेपेला, ऊन चांगलं तापलेलं असताना, चढाच्या वरच्या टोकाला खड्यांचा तो आवाज एकाएकी थांबला. भाऊजींना क्षणभर बरंच वाटलं. मग बॉनेटखालून धाड असा आवाज आला, मागे निळा धूर पसरला आणि गाडी आपल्याच ओझ्याने थांबली. किल्ली फिरवली तर इंजिन फिरे, पण रिकामं, भाता फाटल्यासारखं. भाऊजींनी बॉनेट उघडलं. आतून एवढी धग आली की त्यांना तोंड फिरवावं लागलं.

वहिनींना त्यांनी गाडीच्या सावलीत उशांवर बसवलं. बस आली ती दाराला माणसं लोंबकळत असलेली, थांबलीच नाही. भाऊजी रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात हलवत होते. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला माणूस. “अहो, बाजूला व्हा, माझ्याआधी जाल,” वहिनी म्हणाल्या. शेवटी एक भाजीचा टेम्पो थांबला, पण तो शहराकडून येत होता. कोबीच्या पोत्यांना टेकून दोघं घरी आली. दिवस चुकला.

संध्याकाळी केंद्रातल्या सिस्टरचा फोन आला. वहिनींनीच घेतला. “हो, गाडी बंद पडली... अगंबाई, हो का? बरं झालं. बरं झालं हो.” फोन ठेवून त्या म्हणाल्या, “खुर्ची रिकामी नाही राहिली. बाकावरच्या त्या मुलीला दिली.” आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की भाऊजींना भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा श्वास लागला. छातीत पाणी भरलं होतं. रुग्णवाहिका आली, मोठ्या दवाखान्यात नेऊन यंत्राला जोडलं, जीव वाचला. घरी आल्या त्या दोन माणसांच्या हातांवर. गादीवर त्या इतक्या थोड्याशाच दिसत होत्या की पांघरुणाखाली कुणी आहे का, असं वाटावं.

गाडी ओढून आणली होती. भोंग्याने इंजिनाचं डोकं उघडलं आणि पहिल्यांदाच गप्प बसला. मग त्याने जेट काढून उजेडात धरली. भोकातून दिसणारा उजेड सुईच्या टोकाएवढा होता.

“भाऊजी, हे कुणी केलं?”

भाऊजींनी जेट त्याच्या हातून घेतली आणि मुठीत मिटली.

“अहो, पेट्रोल काय नुसतं जाळायला लागतं? त्याने आत गारही राहतं. उपाशी ठेवलं की भट्टी होते, प्लग पांढरा पडतो. तो खड्यांचा आवाज म्हणजे इंजिन बोंबलत होतं. व्हॉल्व्ह जळलेत. पिस्टनला भोक पडलंय, बघा, बोट जातं.” त्याने बोट घालून दाखवलं. “ह्याचे पिस्टन आता जगात कुठे मिळत नाहीत. संपलं हे.” त्याच्या परीने तो हळू बोलत होता. “तेवढं मीच तेव्हा नीट सांगायला हवं होतं,” असंही तो म्हणाला, पण भाऊजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पिस्टनच्या त्या भोकाकडे बघत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी असंख्य भोकं बुजवली होती. हे एक त्यांनी स्वतः पाडलं होतं, थेंब थेंब वाचवून.

ते आत आले तेव्हा वहिनी जाग्या होत्या. भाऊजी दाराशीच उभे राहिले. सांगायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तोंडातून फक्त “वहिनी, मी...” एवढंच आलं.

“मला कळलं,” वहिनी म्हणाल्या. “भोंग्या अंगणात बोलला ना, मग गावाला कळलं. बसा.”

भाऊजी बसले. रडायचं नाही असं ठरवूनही त्यांचे खांदे हलायला लागले.

“पुरे. म्हाताऱ्या पुरुषाचं रडणं फार बेसूर असतं.” वहिनींनी हात पुढे केला, तो मध्येच थकून पांघरुणावर पडला. भाऊजींनी तो उचलून आपल्या हातात घेतला. “तुम्ही माझ्यासाठीच वाचवत होतात. मला काय ठाऊक नाही? घड्याळसुद्धा ठाऊक आहे.”

“भाड्याची गाडी करू. घर विकू. मी भोंग्याच्या मेव्हण्याला विचारतो...”

“आणि मग?”

भाऊजी एका हाताने पांघरुणाची घडी सारखी करू लागले.

“भाऊजी, एक सांगते. रागवायचं नाही. मी थकले आहे. गाडी बंद पडली म्हणून नाही. ती धड असती तरी मी हेच म्हणाले असते, पण तुमच्या दादांना दिलेला शब्द तुमच्या मानेवर होता, म्हणून बोलवत नव्हतं. तुम्ही रोज त्या काट्याकडे बघायचात, आणि मी तुमच्याकडे.” त्या दम खायला थांबल्या. “ती मुलगी अजून बाकावर बसते आहे. माझी खुर्ची तिला द्या.”

“वहिनी, असं नका...”

“ऐका. फोनवर नाही सांगायचं. फोनवर सांगितलं की ज्याचा वशिला त्याची खुर्ची. तुम्ही स्वतः जा. सिस्टरला तिच्यासमोर सांगा, मी आता येणार नाही, ही जागा हिची. तिच्या तोंडावर सांगा. कराल ना?”

“मी दादांना शब्द दिलाय.”

“त्यातून मी तुम्हाला सोडवलं. वर गेल्यावर त्यांचं काय म्हणणं असेल ते मी बघून घेईन. आता मला शब्द द्या.”

अंगणात भोंग्या हत्यारं गोळा करत होता. भाऊजींनी वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे ना राग होता, ना भीती, आर्जवही नव्हतं. शेवटी त्यांनी मान हलवली.

“तोंडाने बोला.”

“जाईन,” भाऊजी म्हणाले. “सांगेन.”

“आणि आज मला पेला भरून पाणी द्या. काठोकाठ.”

भाऊजींनी पाणी आणलं. वहिनींना उठवून, पाठीला हात लावून धरलं. त्या सगळं प्यायल्या. मध्ये एकदा थांबून म्हणाल्या, “किती गोड लागतं हो.”

सकाळी शेजारची काकू येऊन वहिनींच्या उशाशी बसली. भाऊजींनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. वहिनींच्या खोलीत डोकावले. त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपल्या होत्या की जाग्या, कळत नव्हतं. उठवावं असं त्यांना वाटलं नाही. उठवलं असतं तर पाय निघाला नसता.

फाटकाची कडी वाजू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि तशीच अलगद खाली ठेवली. मग ते बसच्या थांब्याकडे चालू लागले.